पंचवीस मिनिटांची खोली

मार्चची नऊ तारीख, सोमवार. घरात जीव तीन, कमावता एक.

एवढी नोंद करून सर्व्हेवाल्या बाईंनी टॅबवरचे पुढचे पान उघडले. दुपारचे तीन वाजले होते. घर म्हणजे एकच खोली. एका भिंतीशी पलंग, दुसऱ्या भिंतीशी ओटा, आणि मध्ये एक घडीचे टेबल, जे दिवसातून तीनदा उघडले जाई आणि तीनदा मिटले जाई. टेबलाच्या एका बाजूला सर्व्हेवाल्या बाई बसल्या होत्या, दुसऱ्या बाजूला जिची माहिती घ्यायची ती, आणि पलंगावर तिच्या सासूबाई. तिसरा जीव, सातवीतली मुलगी, शाळेत होती. नवरा सहा वर्षांपूर्वी वारला होता. त्याच्यासाठी पाहणीत रकाना नव्हता.

सरकारची ही पाहणी वर्षभर चाले. निवडलेल्या घरी दर तीन महिन्यांनी तेच प्रश्न घेऊन तेच माणूस येई. कोण किती तास राबतो, तासाला काय मिळवतो, किमान वेतनाच्या कायद्याखाली कोण आहे आणि कायद्याच्याही खाली कोण राहिले आहे, हे त्यातून ठरायचे. किमान दर वाढवावा की नाही, अर्धवेळ कामगारांना आजारपणाचा पगार द्यावा की नाही, हे ठरवणारे लोक याच तक्त्यांकडे पाहून ठरवीत. तेव्हा त्या घडीच्या टेबलावर जे बोलले जाणार होते त्याला वजन होते, जरी बोलणारीला ते ठाऊक नव्हते.

प्रश्नांआधी बाईंनी एक छापील परिच्छेद वाचून दाखवला. दिलेली माहिती गुप्त राहील, ती फक्त आकडेवारीसाठी वापरली जाईल, वगैरे.

"म्हणजे ठेकेदाराला कळणार नाही ना?" तिने विचारले.

"नाही."

"आणि कुठल्या ऑफिसला?"

"कुणालाच नाही, ताई. कोर्टानं मागितलं तरी आम्ही देत नाही. कायदाच आहे तसा."

"मग बरं आहे," ती म्हणाली आणि चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

तिचे वय शेहेचाळीस. एका मोठ्या हॉटेलात ती ठेकेदारामार्फत खोल्या साफ करण्याचे काम करी, नऊ वर्षे. तिथे तिला नावाने कोणी हाक मारत नसे. ती सगळ्यांची ‘पंचविशी’. "चाळिशी उलटली तरी आमची बाई अजून पंचविशीतच," असे तिसऱ्या मजल्यावरची मावशी म्हणायची. मावशी वयाने आणि नोकरीने सर्वांत मोठी होती, आणि या विनोदावर इतर बायका हसत तेव्हा त्या हसण्यात थोडी सुई असे.

नावामागची हकिकत अशी. नऊ वर्षांपूर्वी ठेका नवा होता आणि एका खोलीला किती वेळ धरायचा हे ठरायचे होते. सुपरवायझर हातात घड्याळ घेऊन आला आणि त्याने कामावर येऊन दोनच महिने झालेल्या या बाईला बोलावले. चादरी काढणे, गादी झटकणे, नव्या चादरी ताणून खोचणे, उशांचे अभ्रे, न्हाणीघर, आरसा, फरशी, टॉवेलांच्या घड्या. तिने खोली पंचवीस मिनिटांत उभी केली. सुपरवायझरने सर्वांसमोर तिची पाठ थोपटली आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर कागद लागला: एक खोली, पंचवीस मिनिटे. त्या खोलीविषयी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी होती. ती तिने नऊ वर्षे कोणाला सांगितली नाही.

तेव्हापासून त्या हॉटेलात बायकांचे तास घड्याळावर मोजले जात नाहीत. खोल्या मोजल्या जातात आणि त्यांचे तास केले जातात. दिवसाला आठ खोल्या. पंचवीस आठे दोनशे मिनिटे. आठवड्याचे सहा दिवस. बाराशे मिनिटे, म्हणजे वीस तास. त्या वीस तासांना सरकारी किमान दराने पगार, वेळेवर, पावतीसह. खोली पंचवीस मिनिटांत झाली नाही तर वरचा वेळ त्या बाईचा स्वतःचा. त्याला बायका काम म्हणत नसत. "आवरतेय," म्हणत.

म्हणून सर्व्हेवाल्या बाईंनी विचारले, "गेल्या आठवड्यात एकूण किती तास काम केलंत?" तेव्हा तिने क्षणभरही विचार केला नाही.

"वीस."

"तासाला दर काय मिळतो?"

"सरकारी आहे तोच. कमी नाही, जास्त नाही."

पलंगावरून सासूबाई म्हणाल्या, "वीस कुठले गं? साडेसातला घर सोडतेस ती दोन वाजता उगवतेस. मी इथे ताट झाकून बसलेली असते."

"आई, त्यात जाणं-येणं असतं. ट्रॉली भरायची असते, धुतलेल्या चादरींची वाट बघायची असते. एखादी खोली रेंगाळते. ते कामात धरत नाहीत."

"कोण धरत नाही?"

"कुणीच नाही."

"माझी कंबर तरी धरते," सासूबाई म्हणाल्या. सर्व्हेवाल्या बाई हसल्या, पण त्यांचे बोट टॅबवर थबकले होते. नियम स्पष्ट होता: माणूस स्वतः हजर असताना त्याच्याविषयी इतरांचे म्हणणे नोंदवायचे नाही. त्यांनी वीस लिहिले. मग पगाराची पावती पाहिली. वीस तास गुणिले किमान दर. आकडा तंतोतंत जुळला. टॅबवर हिरवी खूण उमटली. तपासणाऱ्यांना इतकी स्वच्छ नोंद क्वचित मिळते.

या बाईने खोटे सांगितले असे कोणी म्हणणार नाही. तिने विचारलेल्या प्रश्नाचे तिला ठाऊक असलेले उत्तर दिले. ज्या मापाने तिला मोजले जात होते त्याच मापाने तिने स्वतःला मोजून दाखवले. पाहणी माणसाला विचारते, आणि माणसाला त्याच्या मालकाने आधीच शिकवून ठेवलेले असते, ही गोष्ट प्रश्नावली तयार करणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही असे नव्हे. त्यावर काय करावे हे त्यांना सुचत नाही.

जूनमध्ये सर्व्हेवाल्या बाई पुन्हा आल्या तेव्हा त्यांच्याजवळ एक पातळ वही होती. त्या फेरीत काही निवडक घरांकडून वेळेची नोंद लिहून घ्यायची होती. प्रत्येक पानावर एक दिवस, दिवसाचे बारीक चौकोन, प्रत्येक चौकोन दहा मिनिटांचा. त्या दहा मिनिटांत आपण काय करीत होतो ते लिहायचे.

"काम केलं असं लिहू नका," बाई म्हणाल्या. "काय केलं ते लिहा. चादर, बादली, वाट बघणं, जे असेल ते."

"वाट बघणंसुद्धा?"

"तेसुद्धा. कुणासाठी बघितली तेही."

हे वाक्य त्यांनी प्रश्नावलीत नसताना वापरले. त्याचे कारण मार्चमधल्या सासूबाईंच्या त्या कमरेत असावे.

पंचविशीला कोणतेही काम नीट केल्याशिवाय चैन पडत नसे. याच स्वभावाने तिला तिचे टोपणनाव मिळवून दिले होते. ॲप्रनच्या खिशात वही आणि पेन्सिलीचे थोटूक ठेवून तिने आठवडाभर चौकोन भरले. ‘लिनन खोलीबाहेर उभी, चादरी आल्या नाहीत.’ ‘दोनशे अकरा, पाहुणे उठले नाहीत, जिन्यात बसले.’ ‘दोनशे अकरा, नाणीघरात केस रंगवलेत, डाग.’ ‘ट्रॉलीचं चाक.’ शनिवारी मुलगी वही चाळत म्हणाली, "आई, तू जिन्यात किती बसतेस! मी वर्गात एवढी बसले तर बाहेर काढतील." आणि तिने न्हाणीघराचे शुद्धलेखन दुरुस्त केले.

रविवारी तिने टेबलाशी बसून हॉटेलातले चौकोन मोजले. एकशे अठ्ठ्याऐंशी. पुन्हा मोजले. एकशे अठ्ठ्याऐंशीच. म्हणजे एकतीस तास वीस मिनिटे. पगार एकशे वीस चौकोनांचा होता. उरलेले अडुसष्ट चौकोन तिच्या अक्षरात भरलेले होते आणि त्यांना काय म्हणावे हे तिला कळेना.

सोमवारी बाईंनी हे आकडे टॅबवर चढवताच लाल पट्टी आली: ‘ताशी मिळकत कायदेशीर किमान दरापेक्षा कमी. कृपया खात्री करा.’

"यंत्र विचारतंय, खरंच का म्हणून," बाई ओशाळून म्हणाल्या.

"यंत्राला म्हणावं, ये एक दिवस. ट्रॉली ढकल."

"मला विचारलंच पाहिजे, ताई. मार्चमध्ये तुम्ही वीस म्हणालात."

"तेव्हा मी खोल्यांचे तास सांगितले. हे माझे आहेत."

बाईंनी ‘खात्री केली’ या खुणेवर बोट दाबले. मग म्हणाल्या, "तुमची खोली पंचवीस मिनिटांची. माझं एक घर चाळीस मिनिटांचं. तेवढेच पैसे मिळतात मला. इथे मी दीड तास बसलेय."

"मग उठा की!" सासूबाई म्हणाल्या, आणि तिघी हसल्या. त्या दुपारी त्या घरात ते एकच मोकळे हसणे.

नोंद वरच्या कार्यालयात गेली. तिथे एक नियम आहे आणि तो मूर्खपणाचा नाही. ज्या कामगाराला आपला ताशी दर माहीत आहे त्याचा दर त्याच्या तोंडून घ्यावा. पगाराला तासांनी भागून काढू नये, कारण माणसे तास आठवताना चुकतात आणि भागाकारात ती चूक फुगते. हजारो नोंदींत हा नियम सत्याच्या जवळ नेतो. या एका नोंदीत त्याने सत्य पुसले. वेतनाच्या तक्त्यात ती किमान दर बरोबर मिळणारी बाई म्हणून राहिली. तिचे एकशे अठ्ठ्याऐंशी चौकोन वेगळ्या तक्त्यात गेले. लोक आपला दिवस कसा घालवतात याचा तो तक्ता. भागाकार केला असता तर तिला कायद्याच्या शंभरातले चौसष्ट मिळत होते. पण तो भागाकार कोणाच्याच कामाचा भाग नव्हता, आणि त्या दोन तक्त्यांची एकमेकांशी ओळख नव्हती.

ऑगस्टमध्ये तिच्या उजव्या हाताने दगा दिला. आधी रात्री मुंग्या येत, मग दिवसा. एकदा ग्लास हातातून सुटला. एकदा चादर खोचताना आपण ती धरली आहे की नाही हे तिला पाहून ठरवावे लागले. डॉक्टरांनी मनगटावर बोटाने टिचकी मारली आणि ती कळवळली.

"नस दाबली गेलीय. छोटं ऑपरेशन आहे. पण नंतर सहा आठवडे या हातानं काही उचलायचं नाही."

"सहा आठवडे?"

"उशीर केलात तर बोटांचा बधिरपणा कायमचा राहील. तुम्हीच ठरवा."

ठरवण्यासारखे फार नव्हते. आजारपणाचा पगार कायद्याने होता, पण आठवड्याला चोवीस तास भरणाऱ्यांना. वीसवाल्यांना नाही. सहा आठवडे पगाराशिवाय काढणे त्या तीन जिवांना शक्य नव्हते, कारण त्यांच्याजवळ सहा दिवसांचीही शिल्लक नव्हती. हात वाचवायचा तर आपण वीस नव्हे, चोवीसच्या वर तास राबतो हे तिला सिद्ध करावे लागणार होते.

तिने कामगार कार्यालयात आजारपणाच्या पगारासाठी अर्ज केला आणि चौकशीच्या दिवशी तिथे गेली. तिथले अधिकारी सभ्य होते. ठेकेदाराने पाठवलेली खोल्यांची यादी त्यांच्यापुढे होती.

"यात तर वीस तासच दिसतात, बाई. तुमच्याकडे लेखी काही आहे का?"

"आहे ना, साहेब. सरकारकडेच आहे."

"कुठल्या सरकारकडे?"

"म्हणजे? किती आहेत?"

अधिकाऱ्यांना हसू आवरले नाही. मग तिने वहीची गोष्ट सांगितली, तेव्हा ते गंभीर झाले. "ती वही मिळाली तर फार बरं होईल. अर्जाच्या आधीची आहे, तुमच्या फायद्यासाठी लिहिलेली नाही. तिच्यापुढे यादी टिकणार नाही. घेऊन या."

दुसऱ्या दिवशी काम संपवून ती पाहणीच्या कार्यालयात गेली. लांब खोली, रांगेने टेबले, प्रत्येक टेबलावर गठ्ठे. सर्व्हेवाल्या बाई तिला पाहून उठून उभ्या राहिल्या. तिने काय हवे ते सांगितले. बाई पुन्हा बसल्या.

"नाही देता येत, ताई."

"का? माझीच वही आहे. अक्षर माझं आहे."

"तुम्ही आम्हाला दिलीत. आता तिच्यावर नाव नाही, नुसता नंबर आहे. आणि नंबर जरी सापडला तरी ती कुठल्याही दाव्यात वापरता येत नाही. मीच तुम्हाला वाचून दाखवलं होतं."

"ते ठेकेदाराला कळू नये म्हणून!"

"कायद्यात ‘कुणालाही’ असं आहे. त्यात तुम्हीसुद्धा आलात."

"मग तुम्ही चला. तुम्ही सांगा साहेबांना, मी बघितलंय म्हणून."

बाईंनी मान खाली घातली. "मी तोंड उघडलं तर उद्या कुठल्याच घरात मला कुणी खरं सांगणार नाही. आणि नोकरी जाईल ती वेगळीच."

ती उभीच राहिली. समोरच्या गठ्ठ्यांपैकी एखादा आपला असेल, हे दोघींच्याही मनात होते. ज्या वचनाच्या भरवशावर ती खरे बोलू शकली, तेच वचन आता तिच्या खऱ्याची वाट अडवून बसले होते. आणि ते मोडावे असे म्हणण्याची हिंमत विचार करणाऱ्या माणसाला सहज होणार नाही, कारण ते मोडले तर तिच्यासारख्या इतर हजार जणी मार्चमधलेच उत्तर देत राहतील. असा पेच असतो हे मान्य करणे भाग आहे. त्याची किंमत कोण मोजतो, एवढेच पाहायचे असते.

बाईंनी तिला एक कोरी वही दिली. "ही कुणाची नाही. घेऊन जा," त्या म्हणाल्या. तिने ती घेतली, कारण नको म्हणणे उद्धटपणाचे झाले असते.

अधिकाऱ्यांनी नव्या वहीचा उपयोग नाही म्हणून सांगितले. अर्जानंतर लिहिलेले कोणी मानत नाही. "आता एकच मार्ग आहे," ते म्हणाले. "त्यांचा सगळा हिशेब पंचवीस मिनिटांवर उभा आहे. ते माप चुकीचं आहे असं दाखवता आलं तर वीस तास आपोआप पडतात. पण त्यांचं म्हणणं आहे की ते माप तुम्हीच घालून दिलं."

"हो," ती म्हणाली. आणि कोरी वही पिशवीत घालून घरी गेली.

सुनावणी सप्टेंबरच्या अखेरीस झाली. निकालाचा परिणाम सर्वांवर होणार म्हणून खोल्यांवरच्या सगळ्या बायकांना बोलावले होते. त्या भिंतीकडेला रांगेने बसल्या, मावशी सर्वांत पुढे. ठेकेदारातर्फे सुपरवायझर उभा राहिला.

"साहेब, माप आम्ही लादलेलं नाही. या बाईंनी स्वतःच्या हातानं, सगळ्यांच्या देखत खोली करून दाखवलीय. नवीन होत्या तेव्हा. ज्यांना जमत नाही त्यांचा वेग कमी आहे, त्याला आम्ही काय करणार?"

भिंतीकडेच्या बायकांनी खाली पाहिले. अधिकारी तिच्याकडे वळले. "खरं आहे हे?"

"खोली केली ते खरं आहे," ती म्हणाली. डाव्या हाताने तिने उजवे मनगट धरले होते. "पण साहेब, ती खोली वापरातली नव्हती. तीन दिवस रिकामी होती. आणि आदल्या संध्याकाळी मी ती घासून पुसून ठेवली होती. न्हाणीघर, आरसा, सगळं. दुसऱ्या दिवशी मी फक्त चादरी बदलल्या आणि फडकं फिरवलं."

"असं करायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. माप घ्यायला येणार हे कानावर आलं होतं. नवीन होते, कुणी विचारत नव्हतं. वाटलं, एकदा आपलं नाव निघावं." तिने भिंतीकडेच्या बायकांकडे पाहिले. "त्यानंतर मलाही कधी पंचवीस मिनिटांत जमली नाही. एकदाही नाही. मी दार लावून घ्यायचे, म्हणजे कुणाला कळू नये."

सुपरवायझर म्हणाला, "म्हणजे तुम्ही ठेकेदाराची फसवणूक केलीत."

"केली," ती म्हणाली. "पण फसलं कोण, ते बघा ना जरा."

"बाई, हे असंच लिहून घेऊ?" अधिकाऱ्यांनी विचारले.

"घ्या."

बाहेर व्हरांड्यात कोणी तिच्याजवळ आले नाही. बऱ्याच वेळाने मावशी समोर येऊन उभी राहिली. शिव्या येतील म्हणून पंचविशी तयार होती. मावशीचा आवाज अगदी हलका होता.

"नऊ वर्षं मी स्वतःला मंद समजत होते गं. वाटायचं, हिला जमतं, मला का नाही? घरी विचारलं तर सांगायचे, वीस तासांचं काम आहे, मीच रेंगाळते."

"मावशी..."

"त्या सर्व्हेवाल्या माझ्याकडेही आल्या होत्या. मीसुद्धा वीसच सांगितलं. लाज वाटली म्हणून." मावशी वळली, पुन्हा थांबली. "पंचविशे, मी तुझ्याशी बोलणार नाहीये. कधीपर्यंत, ते मला माहीत नाही."

अर्धवेळ कामगार आपले तास कमी का सांगतात यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. विसर, अंदाज, प्रश्नाची क्लिष्टता. या व्हरांड्यात जे कारण ऐकू आले ते अधिक साधे होते. प्रत्येक बाई वरच्या मिनिटांना स्वतःचा दोष समजत होती, आणि आपला दोष कोणी सरकारी टॅबवर नोंदवून घेत नाही.

अधिकाऱ्यांनी नव्याने माप घ्यायला लावले. वापरातल्या तीन खोल्या, स्वतःच्या हातात घड्याळ. काम मावशीने केले, नेहमीच्या गतीने, दार उघडे ठेवून. सरासरी सदतीस मिनिटे. निकाल ऑक्टोबरच्या मध्यावर आला. यापुढे खोली सदतीस मिनिटांची धरावी. मागचे माप अर्जदाराच्याच प्रात्यक्षिकावरून ठरले होते आणि नऊ वर्षे त्यावर कोणी हरकत घेतली नाही, म्हणून मागचा फरक देय नाही. अर्ज केला त्या दिवशी अर्जदाराचे नोंदलेले तास वीस होते, म्हणून आजारपणाचा पगार देय नाही.

पुढच्या सोमवारी भिंतीवर नवा कागद लागला: प्रत्येकीला दिवसाला सहा खोल्या. सदतीस सक दोनशे बावीस मिनिटे. आठवड्याला बावीस तास बारा मिनिटे. चोवीसच्या खाली. उरलेल्या खोल्यांसाठी ठेकेदाराने आणखी बायका घेतल्या. सहा खोल्यांना आता पूर्वीच्या आठांपेक्षा जास्त पैसे मिळू लागले, हे खरे आहे आणि ते नोंदवले पाहिजे. मावशीची पाठ पूर्वीपेक्षा कमी दुखते. आजारपणाचा पगार मात्र तिलाही नाही.

पंचविशीने सव्वीस ऑक्टोबरला ऑपरेशन करून घेतले. सहा आठवड्यांसाठी सासूबाईंनी आपल्या हातातल्या दोन बांगड्या विकल्या. "नाहीतरी सैल झाल्या होत्या," त्या म्हणाल्या. पंचविशीची जागा राहावी म्हणून तिच्या खोल्या इतर बायका वाटून घ्यायला तयार होत्या, पण सुपरवायझर कबूल होईना. एकीला रोज सातवी खोली दिली की तिचे चोवीस तास ओलांडले जात. तिच्या जागी नवी बाई आली. ती जागा परत मिळेल की नाही याचे उत्तर कोणी दिले नाही.

तिसऱ्या आठवड्यात मावशी घरी आली. पलंगाच्या काठावर बसली, पट्टीत गुंडाळलेला हात उलटून पालटून पाहिला.

"बोलायला नाही आले," ती म्हणाली. "बघायला आलेय."

"बघ की."

"बोटं हलतात?"

"हलतात. अंगठ्याचं टोक अजून झोपलंय."

"उठेल," मावशी म्हणाली, आणि जाताना टेबल तिने मिटले, कारण ते एका हाताने मिटत नाही.

डिसेंबरची सात तारीख, सोमवार. सर्व्हेवाल्या बाई शेवटच्या फेरीला आल्या. घरात जीव तीन. सप्टेंबरच्या फेरीत दोघी प्रश्नोत्तरांपलीकडे बोलल्या नव्हत्या. आज बाईंनी टॅब उघडायच्या आधी तिच्या हाताकडे पाहिले आणि मग छापील परिच्छेद पुन्हा पूर्ण वाचून दाखवला. नियम तसा आहे.

"गेल्या आठवड्यात किती तास काम केलंत?"

"शून्य."

"मिळकत?"

"शून्य. लिहा. यात यंत्राला काही विचारायचं नसेल ना?"

यंत्राने काही विचारले नाही. हिरवी खूण आली. ताशी वेतनाच्या तक्त्यात त्या आठवड्यात काम केलेलीच माणसे येतात, म्हणून त्या फेरीत ती त्या तक्त्यात नाही. जूनमध्ये जी एक नोंद किमान दराच्या खाली असू शकली असती, ती आता कुठेच नाही. मावशीची नोंद आहे. तीत तास खरे आहेत आणि दरही खरा आहे.

बाई गेल्यावर तिने फळीवरची कोरी वही काढली आणि डाव्या हाताने, वाकड्या अक्षरात, पहिल्या पानावर मागचा हिशेब मांडला. आठवड्याला अडुसष्ट चौकोन. वर्षात कामाचे एकोणपन्नास आठवडे. वर्षे नऊ. एकूण चार हजार नऊशे अठ्ठ्याण्णव तास.

या तासांचा पगार दिलेला नाही. सहा आठवड्यांचा आजारपणाचा पगार दिलेला नाही. उजव्या अंगठ्याच्या टोकाला अजून स्पर्श कळत नाही.